पुणे–इंदूर–ग्वाल्हेर–नागपूर, एकट्याने मोटारसायकलवर: वाटेतल्या आप्तांच्या घरचा मुक्काम कसा बसवावा?

दूरची_वाट (धागाकर्ता)

पुण्याहून निघून इंदूर, ग्वाल्हेर, झाशी, सागर आणि नागपूर करून पुण्यास परत, असा मोटारसायकलवरचा एकट्याचा प्रवास दिवाळीनंतर पूर्ण केला. रस्ते, पेट्रोल पंप आणि निवासाची ठिकाणे यांची माहिती आता सहज मिळते, त्यामुळे या धाग्यात मला मुख्यतः एकाच गोष्टीविषयी लिहायचे आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या लांबच्या प्रवासात कोणत्या तरी गावी मावशी, काका, आत्या किंवा चुलत भावंडे असतात आणि त्यांच्या घरचा मुक्काम आपण आराखड्यात ‘एका रात्रीची सोय’ म्हणून लिहून टाकतो. माझ्या मते हे चूक आहे, आणि दुचाकीवरून जाणाऱ्यासाठी तर धोक्याचेही आहे.

माझी आत्या लग्नानंतर इंदुरात स्थायिक झाली. वडील पूर्वी दर वर्षी भाऊबिजेला एसटीने तिच्याकडे जात असत. आता गुडघ्यांमुळे त्यांना इतका वेळ बसवत नाही, म्हणून यंदा ओवाळणीची साडी माझ्याबरोबर पाठवायचे ठरले. पाडव्यापर्यंत घरी थांबणे आवश्यक होते. दुसऱ्याच दिवशी इंदूर गाठायचे म्हटले तर सुमारे 600 किलोमीटरचे अंतर एका दमात कापावे लागले असते. आत्याशी मोकळेपणाने बोललो आणि तिथीचा आग्रह तिनेच सोडला. आमच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज केलेली चालते. हा निर्णय झाला आणि सगळ्या प्रवासाची घडी त्यामुळे नीट बसली.

पहिला मुक्काम धुळ्यात केला. दुसऱ्या दिवशी सोनगीरचा किल्ला मागे टाकून निघालो. शिरपूरच्या अलीकडे तापी ओलांडली, पळासनेरनंतर बिजासनीच्या घाटातून मध्य प्रदेशात शिरलो आणि सेंधवा, जुलवानिया करत खलघाटच्या पुलावर नर्मदा ओलांडली. धामणोदहून आत वळले की महेश्वर अवघे तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. तेथून इंदूर केवळ 90 किलोमीटर उरते आणि मी तेथे दुपारीच पोहोचलो होतो, तरीही रात्री महेश्वरलाच राहिलो. आत्याच्या दारात दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गेलो: आंघोळ झालेली, झोप पूर्ण, कपडे स्वच्छ आणि बोलायला मन मोकळे. तिच्याकडे दोन रात्री राहिलो. मधल्या पूर्ण दिवशी गाडीला किल्ली लावली नाही.

माझे म्हणणे असे आहे की आप्तांच्या घरी दिवसभराच्या प्रवासानंतर संध्याकाळी पोहोचू नये. आदल्या रात्री जवळपास कोठेतरी थांबावे, सकाळी पोहोचावे आणि मध्ये किमान एक पूर्ण दिवस त्यांच्यासाठी मोकळा ठेवावा. कोणीतरी वाट पाहत आहे ही जाणीव चालकाला घाई करायला लावते. लॉजवाल्याला उशिरा पोहोचण्याचे दुःख नसते, परंतु जेवायचे थांबलेल्या आत्याचा विचार मनात आला की शेवटचे 100 किलोमीटर आपण नेहमीच्या वेगाने चालवत नाही. याविषयी इतरांचा अनुभव आणि मतभेद, दोन्ही वाचायला आवडतील.

चाक_आणि_चाल

मार्ग उत्तम निवडला आहे, पण महेश्वरच्या मुक्कामाशी मी सहमत नाही. पुणे–इंदूर हे मोठ्या इंजिनाच्या गाडीवर एका दिवसाचे अंतर आहे. पहाटे चारला निघून मी ते केले आहे आणि संध्याकाळी उजेडात पोहोचलो आहे. ज्यांची रजा मोजकी आहे त्यांनी वाटेतच दोन रात्री घालवल्या तर पुढचा प्रवास आखडतो. शिवाय 90 किलोमीटरवर येऊन पैसे देऊन राहिलो असे कळले, तर आमच्या घरची माणसे ते कधीच विसरणार नाहीत.

गिरणाकाठ

मी मालेगावचा असल्यामुळे या रस्त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. संगमनेरहून कोपरगाव, येवला, मनमाड, मालेगाव असे जाणे अंतराने जवळचे आहे. मात्र कार्तिकात कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो आणि उसाने भरलेल्या, एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रांग संगमनेर–कोपरगाव पट्ट्यात पहाटेपासून असते. त्यांतील अनेकांना मागे दिवा तर सोडाच, चकाकणारी पट्टीही नसते. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंना आलेला असतो आणि अंधारात त्याची रुंदी कळत नाही. त्यात येवला आणि मनमाडच्या बाजाराकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर मिसळतात. पहाटे चारला पुण्याहून निघणारा दुचाकीस्वार या पट्ट्यात फार तर झुंजूमुंजू होताना शिरतो, म्हणजे दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी.

म्हणून या महिन्यांत सिन्नरहून नाशिकला जाऊन तेथून पिंपळगाव, चांदवड, मालेगाव असा चौपदरी मार्ग घ्यावा, असे मी सुचवीन. अंतर थोडे वाढते, पण दुभाजक असल्यामुळे समोरून येणारी ट्रॉली अंगावर येत नाही. चांदवडनंतरचा राहूड घाट लहान असला तरी तेथे अवजड वाहने रांगत असतात, त्यांच्या अगदी मागे राहू नये. चांदवडलाच अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. महेश्वरला निघालेल्या माणसाने तेथे अर्धा तास थांबावे, कारण पुढे नर्मदेकाठी जे पाहायचे त्याची ओळख तेथेच होते.

दूरची_वाट

@गिरणाकाठ, मी नाशिकमार्गेच गेलो आणि कारण हेच होते. खेडपासून सिन्नरपर्यंतही आळेफाट्याच्या आसपास ऊसवाहतूक भेटतेच, पण तेव्हा लख्ख ऊन पडलेले होते.

@चाक_आणि_चाल, आपण ते अंतर उजेडात कापले असेल, याविषयी शंका नाही. तरी हिशेब मांडून पाहू. थांबे, चहा, पेट्रोल आणि गावांतील वाहतूक धरून दुचाकीची दिवसाची सरासरी ताशी 50 किलोमीटर पडली तर ती चांगली समजावी. म्हणजे 600 किलोमीटरला बारा तास. नोव्हेंबरच्या मध्यास इंदुरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सकाळी पाचला निघाले आणि एकही गोष्ट मनाविरुद्ध घडली नाही, तर आपण उजेडात पोहोचतो. एक पंक्चर झाले, एका ठिकाणी रस्ता अडला, तर धामणोद ते मानपूरचा चढ अंधारात येतो. याच भागातला गणपती घाट इंदूरकडून उतरणाऱ्या ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध होता, आणि उतरणाऱ्या वाहनांसाठी वेगळा रस्ता त्याचमुळे काढावा लागला. बाराव्या तासाला, थकलेल्या डोळ्यांनी, समोरच्या दिव्यांच्या झोतात असा घाट चढायचा आणि तोही कोणाच्या तरी घरी जेवणाची वेळ गाठण्यासाठी, हे मला पटत नाही. ज्यांची रजा कमी आहे त्यांनी ग्वाल्हेर वगळावे, इंदूरपर्यंतच जावे, परंतु भेट आखडू नये.

घरच्यांना वाईट वाटते, हा आपला मुद्दा मात्र खरा आहे. मी आत्याला निघण्यापूर्वीच सांगितले होते की महेश्वरला राहणार आहे आणि का राहणार आहे. तिने उलट काम सांगितले: येताना नर्मदेचे पाणी आण. अहिल्याघाटावरून एक बाटली भरून नेली. देवघरात ती ठेवताना तिने जो आनंद दाखवला, त्यापुढे साडीचे कौतुकही काहीसे मागे पडले.

माळव्यातली

मी इंदुरात, रामबागेजवळ, कित्येक वर्षे राहते आणि दुसऱ्या बाजूने लिहिते. माझा भाचा नाशिकहून मोटारसायकलवर येतो. तो निघाल्याचा फोन सकाळी येतो आणि ‘पाचपर्यंत पोहोचतो’ असे तो सांगतो. तरुण मुले नेहमी सगळे सुरळीत झाले तर जी वेळ येईल तीच सांगतात. मग पाच वाजतात, सहा वाजतात, फोन उचलला जात नाही, कारण तो गाडीवर असतो आणि गाडीवर फोन उचलू नये हे आम्हीच त्याला बजावलेले असते. त्या दोन तासांत घरात काय चालते, हे पोहोचणाऱ्याला कधीच कळत नाही. यजमान फाटकापाशी येरझाऱ्या घालतात, मी वरण पुन्हा पुन्हा गरम करते, आणि दोघेही एकमेकांना धीर देत राहतो. तो येतो तेव्हा आनंदाच्या आधी आमचा राग बाहेर पडतो. मग तो जेवतो आणि आडवा होतो, आणि सकाळी सहाला पुढे निघतो. भेट झाली असे म्हणायचे, पण बोलणे काही झालेले नसते.

म्हणून धागाकर्त्याचे म्हणणे मला मनापासून पटले. सकाळी आलेला पाहुणा आमच्याबरोबर पोहे खातो, दुपारी गप्पा मारतो, आमच्या औषधांच्या वेळा त्याला कळतात, घरातला बंद पडलेला नळ दिसतो. वय झालेल्या माणसांच्या घरी हे फार मोलाचे असते. महेश्वरला राहिल्याचा राग आम्हाला येणार नाही. मागाहून कळले तर वाईट वाटेल, आधी सांगितले तर मुळीच नाही.

तिथीबद्दल एवढेच सांगते की आमच्या पिढीला ती महत्त्वाची वाटते. ज्यांच्या घरी भाऊबीज त्याच दिवशी व्हायची असेल त्यांनी रेल्वेने किंवा बसने यावे. तिथी आणि मोटारसायकल दोन्ही एकाच वेळी साधण्याचा प्रयत्न करू नये.

एकटी_प्रवासी

मी एकटीने मोटारसायकलवर बरेच फिरते आणि माझ्यासाठी आप्तांचे घर म्हणजे आणखीही काही असते. गाडी फाटकाच्या आत उभी राहते, कपडे धुऊन वाळतात, आणि आपण कोठे आहोत हे निदान एका कुटुंबाला ठाऊक असते. नव्या गावात संध्याकाळी खोली शोधत फिरण्यापेक्षा हे केव्हाही बरे, म्हणून मी अनेकदा संध्याकाळी उशिरा का होईना, पण घरीच पोहोचणे पसंत करीत आले आहे. या चर्चेनंतर ते बदलावेसे वाटते. महेश्वरला राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, आगाऊ नोंदणी होते आणि परिसर सुरक्षित आहे. अशी खात्रीची जागा आधीच नक्की केली तर आदल्या रात्रीचा मुक्काम स्त्रियांनाही अवघड नाही.

एक अडचण मात्र मांडते. घरी एक पूर्ण दिवस थांबले की ‘एकटी कशाला जातेस पुढे, गाडी येथेच ठेव, रेल्वेने जा’ हा आग्रह सुरू होतो. तो प्रेमापोटी असतो, म्हणून तोडता येत नाही, आणि मन द्विधा झाले की दुसऱ्या दिवशी गाडीवर लक्ष लागत नाही. यातून मार्ग कसा काढावा?

माळव्यातली

@एकटी_प्रवासी, आग्रह करणाऱ्यांच्या वतीने सांगते. आम्हाला पुढचा रस्ता माहीत नसतो, म्हणून भीती वाटते. कागदावर पुढच्या प्रत्येक मुक्कामाचे गाव, राहण्याची जागा, तिचा दूरध्वनी क्रमांक आणि किती वाजता फोन करणार हे लिहून द्या. फोन निघताना एक, दुपारी एक, पोहोचल्यावर एक, एवढेच ठरवा आणि ते पाळा. दिवसभर नकाशावर हलणारा ठिपका पाहत बसण्यापेक्षा हे बरे, कारण डोंगरात संपर्क गेला आणि ठिपका थांबला की आमचा जीव जातो. कागद हातात आला की निम्मा आग्रह आपोआप कमी होईल.

दूरची_वाट

हा कागदाचा उपाय फार चांगला आहे. त्यात मी एवढीच भर घालीन की त्याच कागदावर 1033 हा राष्ट्रीय महामार्गांचा मदत क्रमांक, तसेच 112 आणि 108 हेही लिहून ठेवावेत, आणि त्याची एक प्रत जॅकेटच्या आतल्या खिशात स्वतःच्या रक्तगटासह असावी.

मधल्या दिवसाचे काय केले, असे एकाने व्यक्तिगत निरोपात विचारले आहे. सकाळी ओवाळणी झाली. त्या वेळी वडील फोनवर समोर होते, आणि पाटावर मी बसलो असलो तरी आत्या त्यांच्याशीच बोलत होती. नंतर अंगणात साखळी साफ करून तिला तेल दिले. साडेतीनशे सीसीच्या माझ्या गाडीला साधारण दर 500 किलोमीटरला ते लागतेच, आणि घरच्या अंगणात ते निवांतपणे होते. साखळीचा ताण, टायरमधील हवा, ब्रेकचे पॅड आणि सर्व नटबोल्ट तेव्हाच पाहून घेतले. माझ्या गाडीला तारांची चाके आणि ट्यूबचे टायर असल्यामुळे जादा ट्यूब, क्लचची केबल आणि प्लग बरोबर होते. विश्रांतीचा दिवस शरीराला लागतो तसा गाडीलाही लागतो, आणि तो लॉजच्या वाहनतळापेक्षा घरी घेणे केव्हाही सोयीचे.

दुपार मात्र पूर्णपणे आत्याची होती. वडील पूर्वी एसटीने येत तेव्हा सेंधव्याला उतरून चहा कसे घेत, खलघाटच्या पुलावर सगळी बस ‘नर्मदे हर’ म्हणून नाणी कशी टाकी, हे तिने सांगितले. वडिलांनी यातले काहीच मला कधी सांगितले नव्हते. तोच रस्ता दोन दिवसांपूर्वी मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेला होता, त्यामुळे तिचे प्रत्येक गाव मला ओळखीचे वाटत होते. विमानाने किंवा रात्रीच्या बसने गेलो असतो तर हे बोलणे झाले नसते, असे मला ठामपणे वाटते.

सामानाबद्दल थोडेसे. दिवाळीचा फराळ नेणाऱ्यांनी चकल्या आणि करंज्या प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नेऊ नयेत, गाडीच्या थरथरीने त्यांचा चुरा होतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात मध्ये कागद भरून नेले तर टिकतात. लाडू आणि शंकरपाळे सहज पोहोचतात. साडी दोन जाड पिशव्यांत गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेवावी, बाहेरच्या कप्प्यात नको.

चाक_आणि_चाल

माळव्यातली यांचा प्रतिसाद वाचून माझे मत बदलले आहे, हे येथे नोंदवतो. वेळ सांगताना मी नेहमीच सर्वांत लवकरची सांगत आलो आहे. आता एक शंका आहे. आप्तांच्या घरून निघायच्या दिवशी पहाटे निघता येत नाही, कारण चहा, नाश्ता, डबा, नमस्कार यात आठ-नऊ वाजतात. मग त्या दिवशीचा टप्पा कसा धरावा?

दूरची_वाट

तो टप्पा लहानच धरावा. मी नऊला निघालो आणि गुण्यालाच थांबलो. इंदूर ते गुणे हे देवास, शाजापूर, ब्यावरामार्गे सुमारे 300 किलोमीटर पडते. ब्यावरापर्यंत राष्ट्रीय महामार्ग 52 आहे आणि तेथून ग्वाल्हेरकडे 46 लागतो. पूर्वी हा सगळा आग्रा रस्ता एकाच क्रमांकाचा होता, त्यामुळे जुन्या नकाशांवरून गोंधळ होतो. दुसऱ्या दिवशी शिवपुरीतील शिंद्यांच्या छत्र्या पाहून दुपारी ग्वाल्हेरला पोहोचलो आणि राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीचे दर्शन उजेडातच झाले. डिसेंबरच्या उत्तरार्धात जाणाऱ्यांनी मात्र शिवपुरी–ग्वाल्हेर–झाशी भागातले दाट धुके लक्षात घ्यावे. तेव्हा सकाळी नऊच्या आधी निघूच नये, म्हणजे तेथेही टप्पे आपोआप लहान होतात.

नागपूरकर_पथिक

परतीचा मार्ग झाशी, ललितपूर, सागर, नरसिंहपूर, लखनादौन, सिवनी, नागपूर असा दिसतो, म्हणजे महामार्ग 44. सिवनीच्या पुढे पेंचच्या जंगलातून जाताना रस्ता अनेक ठिकाणी उंचावर नेला आहे आणि खालून वन्यप्राण्यांना वाट ठेवली आहे. तेथे थांबून छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा. नागपूरहून पुण्यास येताना समृद्धी महामार्गाचा विचार दुचाकीस्वारांनी करू नये, त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. कारंजा, मेहकर, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर असा जुना मार्ग घ्यावा आणि मेहकर किंवा जालन्याला एक रात्र काढावी. नागपूर–पुणे अंतर 700 किलोमीटरच्या आसपास आहे आणि घरी जायची ओढ लागलेली असते, म्हणून अनेक जण ते एका दिवसात उरकायला जातात.

दूरची_वाट

@नागपूरकर_पथिक, मी मेहकरलाच थांबलो. आपण शेवटी लिहिलेली गोष्ट मूळ मुद्द्याशी जोडलेली आहे, कारण स्वतःचे घर हेही वाट पाहणाऱ्यांचेच घर असते. म्हणून पुण्यातही मी पोहोचण्याचा दिवस ‘उद्या किंवा परवा’ असाच सांगितला होता. अहिल्यानगरच्या पुढे, शिरूरपासून वाढणारी वाहतूक सायंकाळी फार असते, म्हणून शेवटचा टप्पा दुपारी तीनपूर्वी संपेल असा धरला.

@एकटी_प्रवासी, पुढील दिवाळीनंतर आपण इंदूरमार्गे जाणार असाल तर नाशिक–धुळे–महेश्वर या टप्प्यांचा माझा मुक्कामवार कागद व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. त्यात पेट्रोलचे थांबे आणि राहण्याच्या जागा लिहिलेल्या आहेत. आपल्या वेगानुसार त्यात बदल करून घ्यावा आणि त्याची एक प्रत इंदुरात ज्यांच्याकडे जाणार त्यांनाही निघण्यापूर्वीच पाठवावी.